वारशाच्या पिस्तुलांना भोके पाडू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आमच्या घरात खापरपणजोबांचे एक ठासणीचे पिस्तूल आहे. अक्रोडाचा दस्ता, त्यावर चांदीच्या तारेची वेलबुट्टी आणि घोड्याखालच्या पत्र्यावर इंग्रजीत कोरलेले ‘लंडन’. परवान्याच्या नूतनीकरणाचे हेलपाटे आणि दर निवडणुकीला हत्यार ठाण्यात जमा करणे, याला कंटाळून 1991 साली वडिलांनी ते निकामी करून घ्यायला लेथवाल्याकडे नेले. नळीला खालून दोन भोके पाडली, आत शिसे ओतले, घोडा वेल्डिंग करून जागीच चिकटवला. त्या आचेने कोरलेल्या पानांवर उठलेला निळा-काळा डाग अजून तसाच आहे. चांदीची तार दोन ठिकाणी उचकटली. त्या रात्री वडील जेवले नाहीत, असे आई सांगते.

वडिलांना मी दोष देत नाही. 1959 च्या शस्त्र कायद्याचे कलम 45 वाचावे. जुन्या धाटणीचे, पुराणवस्तूचे मोल असलेले किंवा नादुरुस्त हत्यार कायद्यातून सुटते, पण ते दुरुस्त करूनही उडता कामा नये. सूट हवी असेल तर वस्तू कायमची मोडा, असाच सामान्य माणूस त्याचा अर्थ घेतो. दुसरीकडे 1972 चा पुरावशेष कायदा शंभर वर्षांहून जुन्या कलाकुसरीच्या वस्तूला पुरावशेष मानतो आणि ती खासगीरीत्या परदेशी पाठवू देत नाही. ज्या वस्तूने देश सोडू नये म्हणून सरकार दक्ष असते, तिच्यावर घरातल्या घरात ड्रिल चालते, याचे कोणालाच काही वाटत नाही!

डिसेंबर 2019 च्या दुरुस्तीने एका परवानाधारकाला तीनऐवजी दोनच हत्यारे ठेवता येऊ लागली. वारशाने आलेले हत्यारही याच दोनांत मोजायचे. तिसरे वर्षभरात जमा करायचे होते. शेतराखणीची बंदूक कोण सोडणार? आमच्या ओळखीतल्या दोन घरांनी पणजोबांचे पिस्तूलच निकामी करून घेतले. त्यातल्या एकाची नळी तर मधोमध कापली आहे.

वाईट याचे वाटते की, फेब्रुवारी 2020 मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाने नियम बदलले आणि ‘क्युरिओ’ (कुतूहलाची जुनी वस्तू) वर्गातली लहान हत्यारे नुसती जवळ बाळगायला परवान्याची अट काढली. वापरायला किंवा कुठे न्यायला परवाना लागतोच, आणि ते योग्यही आहे. पण ही सवलत गावात कोणाला ठाऊक आहे? मी विचारलेल्या कार्यालयात मला ‘आधी निकामी करून आणा’ असेच सांगितले गेले.

ब्रिटनच्या 1968 च्या कायद्यात शोभेची वा कुतूहलाची वस्तू म्हणून ठेवलेल्या पुरातन हत्याराला सूट आहे. अमेरिकेच्या संघीय कायद्यात 1898 पर्यंत बनलेले हत्यार सर्वसाधारणपणे पुरातन धरले जाते. दोन्हीकडे ते आधी मोडावे लागत नाही. जुनी हत्यारे गुन्ह्यांत वापरली जातात, हा आक्षेप खरा आहे. म्हणून तर ब्रिटनने 2021 मध्ये काही जुन्या काडतुसांचे प्रकार सवलतीतून काढले. पण दारू ठासून, वर ठिणगी पाडणारी स्फोटक टोपी चढवून एकदाच उडणारे पिस्तूल आणि काडतुसाचे रिव्हॉल्व्हर यांना एकाच मापाने मोजू नये.

‘क्युरिओ’ म्हणजे नेमके काय, हे प्रत्येक पोलीस ठाण्याच्या फलकावर मराठीत लागावे. त्याहून महत्त्वाचे, कोणाचेही वारशाचे हत्यार निकामी करण्याआधी राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाच्या जाणकाराने ते पाहावे, फोटो आणि मोजमापे नोंदवावीत. मालकाला ते नकोच असेल, तर संग्रहालयाला विचारावे. ज्यांच्या घरी असे पिस्तूल अजून धड आहे, त्यांनी लेथवाल्याकडे जाण्याआधी 2020 ची अधिसूचना मागून घ्यावी आणि उत्तर लेखी घ्यावे.

– एक वाचक, वाई, जि. सातारा