तीनशे खुर्च्यांचं नाट्यगृह नागपूरला द्या

मा. सांस्कृतिक कार्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

मी नागपुरातल्या हौशी नाटकांची प्रकाशयोजना करतो. नाटकाचं वेड लागलं ते धनवटे रंगमंदिरात. १९२३ साली स्थापन झालेल्या विदर्भ साहित्य संघाचं हे रंगमंदिर सीताबर्डीवर, झाशी राणी चौकात होतं. वडिलांसोबत जायचो. तिसरी घंटा व्हायची, दिवे हळूहळू उतरायचे आणि पडदा सरकण्याआधीच्या त्या अंधारात पोटात गोळा यायचा. पुढे ती वास्तू पडली आणि त्या जागी व्यापारी संकुल उभं राहिलं. साहित्य संघाचं काम आजही तिथूनच चालतं, पण ते रंगमंदिर मात्र गेलं. अजूनही त्या चौकातून जाताना माझी मान आपोआप तिकडे वळते.

व्हरायटी चौकाला नाव व्हरायटी टॉकीजवरून पडलं, हे आता तरुण पोरांना सांगावं लागतं. धनवटेचं नाव तर चौकालाही उरलं नाही.

त्यानंतर शहरात सभागृहं झाली नाहीत, असं नाही. सिव्हिल लाइन्समध्ये डॉ. वसंतराव देशपांडे सभागृह आहे. वसंतराव नागपुरातच शंकरराव सप्रे यांच्याकडे गाणं शिकले. १९६७ साली रंगभूमीवर आलेल्या 'कट्यार काळजात घुसली'त त्यांनी खाँसाहेब उभा केला. ते नाटक लिहिणारे पुरुषोत्तम दारव्हेकरही नागपूरचेच. रंजन कला मंदिरातून त्यांनी इथल्या कितीतरी पोरांना रंगमंचावर उभं केलं. रेशीमबागेत महापालिकेचं कविवर्य सुरेश भट सभागृह २०१७ मध्ये सुरू झालं. सुमारे २,००० खुर्च्यांची देखणी वास्तू आहे. २०१९ चं ९९ वं नाट्यसंमेलन नागपुरात झालं, तेव्हा आम्हा सगळ्यांची छाती फुगली होती.

पण साहेब, दोन हजार खुर्च्यांसमोर हौशी संस्थेनं काय करायचं? आमच्या नव्या नाटकाला अडीचशे-तीनशे माणसं येतात, आणि ती मनापासून येतात. मोठ्या सभागृहात हीच माणसं विखुरतात आणि पाठीमागे नुसत्या रिकाम्या रांगा दिसतात. नटाला कॉलर माइक लावावा लागतो. मग कुजबुजीचं वाक्यही स्पीकरमधून येतं आणि त्यातला जीव जातो. भाडं, जनरेटर, लाइटवाल्याचे पैसे यांतच वर्गणी संपते. एकदा एका सभागृहात आमची तारीख आठ दिवस आधी रद्द झाली, कारण कुठलातरी समारंभ आला. सेट तयार होता, तिकिटं विकली गेली होती. घरोघरी जाऊन पैसे परत केले. नायिकेचं काम करणारी मुलगी बँकेतून रजा काढून तालमीला यायची. ती नंतर आलीच नाही.

राज्य नाट्य स्पर्धा आपल्याच खात्याची. तिच्या प्राथमिक फेरीसाठी नागपूर केंद्रावर संस्था दरवर्षी जिवाचं रान करतात. एका प्रयोगासाठी दोन-अडीच महिने तालीम, तीही शाळेच्या वर्गात बाकं सरकवून नाहीतर कुणाच्या गच्चीवर. स्पर्धेच्या दिवशी पहिल्यांदा खऱ्या रंगमंचावर पाय पडतो, आणि मला हाती मिळालेल्या थोडक्या तासांत सगळे स्पॉट लावावे लागतात. कुठला दिवा कुठल्या डिमरवर (उजेड कमी-जास्त करणाऱ्या यंत्रावर), हे ध्यानात येईपर्यंत पडदा उघडायची वेळ होते.

म्हणून मागणी एकच. शासनाच्या जागेवर तीनशे खुर्च्यांचं नाट्यगृह बांधा. त्याला तालमीच्या दोन खोल्या जोडा. हौशी संस्थांसाठी भाड्याचा वेगळा दर ठेवा, आणि दिलेली तारीख कुणाच्याही समारंभासाठी काढून घेता येणार नाही, असं नियमात लिहा. झगमगाट नको. रंगमंचाच्या दोन्ही बाजूंच्या विंगा खोल हव्यात, सामान उतरवायला मागचं दार रुंद हवं, मेकअपच्या खोलीत आरशाभोवती नीट उजेड हवा. आराखडा काढताना वास्तुविशारदाशेजारी एखादा रंगमंच कामगारही बसवा. दार कुठे हवं, हे त्याला ठाऊक असतं.

डिसेंबरात अधिवेशनासाठी आपण नागपुरात असालच. एक संध्याकाळ आमच्या तालमीला या. रात्री आठ वाजता शाळेच्या वर्गात सुरू होते. बाकं सरकवलेली असतील, पण आपल्यासाठी एक खुर्ची नक्की ठेवू.

आपला,
नागपूरचा एक हौशी रंगकर्मी