पहिलं बाळंतपण बडोद्यालाच

ती. आई-बाबांस सा. न.

काल फोनवर आई एकदम गप्प झाली, म्हणून लिहायला बसले. सातव्या महिन्यात मला न्यायला येऊ नका. बाळंतपण इथेच करायचं ठरलंय. पहिलं बाळंतपण माहेरी, हे मला का कळत नाही, आई? पण माझ्या हृदयातल्या धातूच्या व्हॉल्व्हवर (कृत्रिम झडपेवर) गुठळी होऊ नये म्हणून रक्त पातळ ठेवावंच लागतं, आणि गरोदरपणात ते गोठायचा धोका आणखी वाढतो.

रक्त पातळ ठेवायची नेहमीची गोळी वारेतून बाळापर्यंत पोचते. ६ ते १२ आठवड्यांत तिने बाळाच्या नाकाची, हाडांची वाढ बिघडू शकते, आणि माझा डोस तर ५ मिलिग्रॅमच्या वर. म्हणून तेव्हा हेपारिनची इंजेक्शनं घेतली, तेही रक्त पातळच ठेवतं. ते बाळापर्यंत जात नाही. आता परत गोळी चालू आहे, आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ आहे त्याचा तपासणीतला आकडा, २.५ ते ३.५ मध्ये ठेवतात. ३६व्या आठवड्यात पुन्हा इंजेक्शनं, मग सलाइनमधून हेपारिन, आणि बाळंतपणाच्या ४ ते ६ तास आधी तेही बंद. गोळी चालू असताना कळा सुरू झाल्या तर बाळाचंही रक्त पातळ असतं, सिझेरियन करावं लागतं. इंदूरला चांगले डॉक्टर नाहीत असं मुळीच नाही. पण इथले हार्टचे आणि बाळंतपणाचे डॉक्टर पहिल्यापासून मिळून बघताहेत, मध्येच हात बदलायला नकोत.

बाबा, पेनिसिलिनची सुई घेतल्यावर मी लंगडायला लागले की तुम्ही कडेवर घेऊन राजवाड्याजवळ जिलबी खायला न्यायचात. समीर पोटावर सुई टोचायचा तेव्हा अजून तोंडातून ‘बाबा’च निघायचं.

तुम्हीच इकडे या, महिनाभर आधी. खालची खोली रिकामी केलीय, जिना नाही, बाथरूमला दांडी बसवलीय. आईचे देव खिडकीशी मांडू. भाजी खंडेराव मार्केटची, संध्याकाळी सुरसागरला फेरी. डोहाळेजेवणही इथेच कर, तुझ्या हातचं.

आई, काढे पाठवू नकोस, रक्तावर कशाचा काय परिणाम होईल सांगता येत नाही. डिंकाचे लाडू मात्र हवेत. अंगावर पाजायला या गोळीची आडकाठी नाही, ती काळजी सोड. बाबा, बीपीची गोळी चुकवायची नाही, आकडा रोज वहीत लिहायचा. गुडघ्याचं तेल आईलाही लावायला सांगा. रिझर्वेशन समीर करेल, खालचेच बर्थ. येताना कपाटातली माझी ऑपरेशनची जुनी फाइल तेवढी आणा, डॉक्टरांना बघायचीय.

तुमची
चिमी