नोकरी का सोडत नाही, ते सांगते

नाशिक,
रविवार

प्रिय शुभदा,

सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तू म्हणालीस, "एवढा त्रास होतोय तर सोडून दे ना ती नोकरी." मी गप्प राहिले, तुला वाटलं असेल मला राग आला. राग नव्हता गं. समोरचं बोलणं ऐकायचं, आपली पाळी कधी येते ते ओळखायचं आणि त्याच वेळी वाक्यही जुळवायचं, हे फोनवर मला ऑटिझममुळे, म्हणजे मेंदूची घडण जन्मापासूनच वेगळी असल्यामुळे, जमत नाही. लिहायला बसले की सगळं नीट सांगता येतं.

नोकरी मला सोडायची नाही, कारण हे काम मला येतं आणि मनापासून आवडतं. लॅबमध्ये मी एचपीएलसी या औषध तपासायच्या मशीनवर असते. औषधाचा नमुना विरघळवून मशीनमध्ये सोडला की कॉलम नावाच्या नळीतून जाताना त्यातले घटक सुटे होतात आणि स्क्रीनवर एकेकाचा पीक, म्हणजे आलेखातला उंचवटा, उमटतो. गेल्या पावसाळ्यात एका बॅचच्या मुख्य पीकच्या उतरत्या बाजूला मला बारीकसा फुगवटा दिसला. सॉफ्टवेअरने सगळा मिळून एकच पीक धरला होता, आकडाही मर्यादेत होता. दोघांच्या नजरेखालून तो कागद गेला होता. मी अडून बसले. तपास झाला, दुसऱ्या कॉलमवर नमुना पुन्हा चालवला, तर तिथे खरंच एक वेगळी अशुद्धी निघाली. बॅच थांबली. ते औषध कुणाच्या तरी घरी गेलं असतं, शुभदा. माझी नजर अशीच आहे, आणि ती या कामाला लागते.

लॅबमध्ये प्रत्येक गोष्टीची एसओपी, म्हणजे ठरलेली लेखी पद्धत, असते. किती मिली घ्यायचं, किती वेळ हलवायचं, सही कुठे करायची, सगळं लिहिलेलं. मला तिथे मोकळा श्वास घेता येतो. पंचाईत होते ती न लिहिलेल्या गोष्टींची. साहेब जाता जाता म्हणतात, "ते कालचं जरा बघून घे." कालचं म्हणजे कुठलं, बघून घे म्हणजे तपासू की संपवू, आणि आजच की उद्या चालेल? विचारलं की म्हणतात, "एवढंही कळत नाही का?" नाही विचारलं तर संध्याकाळी तेच काम राहिलं म्हणून सगळ्यांसमोर बोलणी.

यातलं थोडंफार मी इतकी वर्षं निभावून नेलं. बिनसलं ते एका सहीवरून. एका सहकाऱ्याची वजनाची नोंद राहून गेली होती. ऑडिट तोंडावर होतं, तेव्हा मी मागची तारीख टाकून 'तपासलं' म्हणून सही करावी असं त्याचं म्हणणं. आमच्याकडे नोंद ज्या वेळी काम झालं त्याच वेळी आणि ज्याने केलं त्यानेच करायची असते. औषधाच्या धंद्यात त्यावरच सगळा भरवसा उभा आहे. मी नाही म्हणाले. आपल्या माणसासाठी एवढंही करत नाही, असं मग लॅबभर झालं.

तेव्हापासून मला 'रोबोट' म्हणतात. माझ्यासारखं एकसुरी बोलून दाखवतात. डबा खायला बसले की टेबल रिकामं होतं. आमच्याकडे सोनिकेटर आहे, काचेची भांडी आणि द्रावणं त्यात ठेवून कंपनांनी हलवतात. त्याचा बारीक कर्कश आवाज मला दातांच्या मुळापर्यंत टोचतो, म्हणून मी कानात बोळे घालते. एकदा बोळे काढून ठेवले असताना कुणीतरी तो नुसताच, आत काही न ठेवता, सुरू केला. मी दोन्ही हात कानांवर दाबले. तो फोटो काढला गेला, त्याचं स्टिकर झालं, आणि लॅबच्या ग्रुपवर अजून फिरतंय. साहेबांनी त्यावर हसणारी बाहुली, म्हणजे इमोजी, टाकली. मला स्टिकरपेक्षा ती बाहुली जास्त लागली.

त्या दुपारी माझी वाचाच बंद झाली. भांडी धुण्याच्या खोलीत जाऊन बसले. तिथे भांडी धुणारी बाई विचारत होती, "ताई, पाणी देऊ का?" तिचे शब्द कळत होते, पण उत्तर तोंडातून निघेना. ऑटिझममध्ये याला शटडाउन म्हणतात हे मला नंतर डॉक्टरांकडून कळलं. लोकांना तो तोरा वाटतो.

तर आता मी काय करतेय ते सांगते. लॅबच्या नोंदीसारखीच एक वही घातली आहे. तारीख, वेळ, कोण काय बोललं, तिथे कोण होतं. जे झालं तेच, त्याच दिवशी लिहायचं, आपला अंदाज नाही. तोंडी काम मिळालं की मी लगेच दोन ओळींची मेल करते : "आपण सांगितल्याप्रमाणे अमुक नमुना आज पाचपर्यंत तपासते. वेगळं अपेक्षित असल्यास कळवावे." पहिल्यांदा साहेब चिडले, पण आता उत्तरं येतात. डबा मी त्या भांडी धुणाऱ्या बाईबरोबर खाते. तिला बोलायचं असेल तर ती बोलते, नसेल तर आम्ही गप्प जेवतो. इतकं सोपं माणूस फार दिवसांनी भेटलं.

शिवाय कायदा वाचून काढला. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकार आहेत, त्यांत ऑटिझम आहे. कलम 21 प्रमाणे प्रत्येक आस्थापनेला समान संधी धोरण जाहीर करावं लागतं, खासगी असली तरी. 20 किंवा जास्त माणसं असतील तर त्या धोरणात दिव्यांगांसाठीच्या सोयी आणि संपर्क अधिकारी असायला हवा, असं केंद्राचे 2017चे नियम म्हणतात. आणि कलम 92 : दिव्यांग व्यक्तीचा चारचौघांत हेतुपुरस्सर अपमान केला, तर सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत शिक्षा. 40 टक्क्यांची अट सरकारी नोकरीतल्या आरक्षणासारख्या गोष्टींना आहे, अपमानाला नाही. मला कुणाला तुरुंगात पाठवायचं नाही. पण एचआरच्या टेबलावर ते कलम ठेवता येतं, यानेच माझी पाठ ताठ झाली.

मागण्या साध्या आहेत. काम लेखी द्या. सोनिकेटर दार असलेल्या खोलीत हलवा, ती खोली रिकामीच आहे. ते स्टिकर काढा आणि साहेबांनी ग्रुपवर तसं स्पष्ट सांगावं. ऐकलं नाही तर पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तालयाकडे अर्ज करणार आहे.

आता तुझ्याकडे एक मागणं. मला ऑटिझम आहे अशी डॉक्टरांची खात्री झाली आहे, पण लेखी रिपोर्टसाठी त्यांना माझ्या लहानपणाची माहिती हवी. ऑटिझमची लक्षणं लहानपणापासून असावी लागतात, आणि मोठेपणी तपासणी करताना ते बहुतेक आईवडिलांना विचारतात. आई असती तर तिने सगळं सांगितलं असतं, कुकरच्या शिट्टीला मी माळ्यावर कशी चढून बसायचे इथपासून. ती नाही, बाबांना त्यातलं काही आठवत नाही. पाचवीपासून मला बघणारी तूच उरलीस.

तुला जे आठवतं ते लिहून पाठवशील का? मधल्या सुट्टीत मी कुठे असायचे, बाईंनी बाक बदलला तेव्हा काय झालं, स्नेहसंमेलनाच्या ढोलताशात मी कशी वागले, ते. मैत्रिणीची बाजू घेऊन सावरून लिहू नकोस. मी विचित्र वाटायचे तिथे तसंच लिही, मला वाईट वाटणार नाही. डॉक्टरांना खरं तेच उपयोगी पडेल, आणि मलाही.

पुढच्या शनिवारी अपॉइंटमेंट आहे, शुक्रवारपर्यंत मेल केलीस तरी चालेल. हाताने लिहून फोटो काढलास तरी चालेल, तुझं अक्षर मला लागतं. काकूंच्या गुडघ्याचं काय झालं ते कळव, त्यांना नमस्कार सांग.

तुझी,
वैजू