सेतमध्ये जेवावे ते होड्यांच्या वेळेने

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत दक्षिण फ्रान्सच्या भूमध्य किनाऱ्यावरील प्रवासाविषयी जो लेख आला, त्यात सेत या मासेमारी बंदराची दखल घेतली गेली याचा मनापासून आनंद झाला. नाशिक जिल्ह्यातून द्राक्ष आणि वाइनच्या कामानिमित्त माँपेलिएला जाणारे शेतकरी, विद्यार्थी आणि व्यावसायिक आता बरेच आहेत. तेथून रेल्वेने वीसेक मिनिटांवर असलेले हे गाव मात्र त्यांतील बहुतेकांचे पाहायचे राहून जाते. तथापि, ‘कालव्याच्या काठाने ओळीने रेस्टॉरंट आहेत, त्यांपैकी कोठेही बसावे’ हा लेखातील सल्ला मला पटला नाही. सेतमध्ये फार चांगले जेवता येते, पण त्यासाठी त्या गावातील होड्या केव्हा परततात, बाजार केव्हा उठतो आणि कोणता पदार्थ कोणत्या ठिकाणचा हे थोडेसे ठाऊक असावे लागते. म्हणून हे पत्र.

सेत हे जुने वाटत असले, तरी ते ठरवून वसवलेले बंदर आहे. चौदाव्या लुईच्या काळात १६६६ साली त्याची पायाभरणी झाली, आणि तुलूझकडून येणारा मिदी कालवा १६८१ साली सुरू झाल्यावर त्याचे पाणी ज्या थो नावाच्या खाऱ्या सरोवरात येते, त्या सरोवराला समुद्राशी जोडणारे दार म्हणून हे गाव वाढले. एका बाजूला खुला समुद्र, दुसऱ्या बाजूला सुमारे ७५ चौरस किलोमीटरचे सरोवर आणि मधून गेलेले कालवे, अशी त्याची रचना आहे. जेवणाच्या दृष्टीने हीच गोष्ट सर्वांत महत्त्वाची, कारण सेतच्या ताटात समुद्राचा मासा, सरोवरातील कालवं (ऑयस्टर) आणि इटलीहून आलेल्या कोळ्यांचा स्वयंपाक असे तीन प्रवाह एकत्र येतात. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इटलीतील गाएता आणि चेतारा या किनारी गावांतून अनेक कोळी कुटुंबे येथे स्थायिक झाली, आणि आज ज्याला ‘सेतचा खास पदार्थ’ म्हणतात त्यातील बराच भाग त्यांच्या चुलीवरचा आहे.

त्यांपैकी पहिला मान तिएलचा. पावाच्या पिठाच्या दोन पाऱ्यांमध्ये बारीक चिरलेला ऑक्टोपस, टोमॅटो आणि तिखट मसाला भरून, करंजीसारखी कडेला मुरड घालून ती भट्टीत भाजतात. आतला रस्सा पिठात उतरल्याने तिचा रंग नारिंगी होतो. गरिबाघरचा हा पदार्थ १९३० च्या दशकात आद्रियेन विर्दुच्ची यांनी गावात विकायला आणला आणि मग तो सर्वांचा झाला. तिएल खाण्यासाठी रेस्टॉरंटमध्ये टेबल मिळवण्याची मुळीच गरज नाही. ती करणाऱ्या दुकानातून किंवा बाजारातील गाळ्यावरून, किंचित कोमट असताना घ्यावी आणि कालव्याच्या कठड्यावर बसून खावी. रेस्टॉरंटमध्ये तीच तिएल काचेच्या ताटात, बाजूला पालेभाजीची सजावट घेऊन, बरीच महाग होऊन येते. तिखटाची सवय असलेल्या नाशिककराला त्या किनाऱ्यावर जे पदार्थ लगेच आपले वाटतील, त्यांत मी हिला अग्रभागी ठेवेन.

आता होड्यांच्या वेळेविषयी. येथील ट्रॉलर पहाटे अंधारात बंदर सोडतात आणि त्याच दिवशी दुपार कलल्यावर, सीगल पक्ष्यांचे थवे मागे घेऊन परततात. मग बंदरावरील लिलावगृहात माल विकला जातो. याचा सरळ अर्थ असा की, दुपारच्या जेवणात मिळणारा ट्रॉलरचा चांगला मासा आदल्या संध्याकाळी उतरलेला असतो आणि रात्रीच्या जेवणात तो त्याच दिवशीचा असू शकतो. शनिवार-रविवार हे ट्रॉलर समुद्रात जात नाहीत. त्यामुळे सोमवारी दुपारी ‘आजचा ताजा मासा’ असा फलक दिसला, तर तो मासा लहान होडीवाल्याचा आहे, सरोवरातला आहे की अन्य बंदरातून आलेला आहे, एवढे नम्रपणे विचारावे. चांगला दुकानदार या प्रश्नाने रागावत नाही. उलट खूश होऊन सविस्तर उत्तर देतो. नाशिकला मासा मुंबईहून बर्फात येतो, म्हणून बांगड्याचे कल्ले उघडून रंग पाहण्याची सवय आपल्याकडच्या प्रत्येक मासेखाऊ घरात आहे. ती सवय तेथेही उपयोगी पडते.

याहून उपयोगी गोष्ट म्हणजे माशाच्या ढिगावर खोचलेली पाटी. युरोपीय कायद्याप्रमाणे विक्रेत्याला माशाचे नाव, तो समुद्रातून पकडला की शेततळ्यात वा पिंजऱ्यात वाढवला, कोठे पकडला आणि तो गोठवून वितळवलेला आहे का, हे लिहावे लागते. पकडण्याच्या क्षेत्राचा क्रमांकही बहुधा असतो: भूमध्य समुद्राचा ३७, ईशान्य अटलांटिकचा २७. ‘पेशे’ म्हणजे पकडलेला आणि ‘एलव्हे’ म्हणजे पाळलेला, हे दोन शब्द ओळखता आले तरी पुष्कळ काम होते. त्या किनाऱ्यावर विकला जाणारा पाळीव सी-बास आणि दोराद पुष्कळदा ग्रीस किंवा तुर्कस्तानातून येतो. तो वाईट असतो असे नाही, परंतु तो खाण्यासाठी सेतपर्यंत जाण्याचे कारण नाही. दोराद खायचाच असेल, तर शरद ऋतूत जावे. पाणी थंड होऊ लागले की हा मासा सरोवरातून समुद्राकडे कालव्यांच्या वाटेने निघतो, आणि प्वँत कूर्त या कोळीवाड्यापासून पुढे काठाकाठाने गळ टाकून बसलेल्या गावकऱ्यांची रांग लागते.

सकाळ मात्र ‘आल’ या छपराखालच्या बाजारासाठी राखून ठेवावी. दुपारी एक-दोनच्या सुमारास तो उठतो, म्हणून उशिरा न्याहारी करून आरामात जाणाऱ्याला तेथे धुतलेली फरशीच पाहायला मिळते. बुधवारी सकाळी बाहेरच्या रस्त्यांवरही भाजी, फळे आणि कपड्यांचा बाजार भरतो. बाजारातील काही गाळ्यांसमोर उंच स्टुलांवर बसून तिथल्या तिथे उघडलेली कालवं, उकडलेली कोळंबी किंवा तळलेली माकुळं खाता येतात. माझ्या मते सेतमधील सर्वांत चांगले आणि रास्त किमतीचे जेवण हेच आहे, कारण शेजारी बसलेला माणूस बहुधा गावातलाच असतो आणि शिळा माल देऊन त्याला फसवणे दुकानदाराला परवडत नाही.

कालवांविषयी मात्र थोडे अधिक लिहिले पाहिजे, कारण लेखात त्यांचा केवळ नामोल्लेख होता. सरोवराच्या उत्तर काठावरील बूझिग या छोट्या गावाच्या नावाने ती ओळखली जातात. अटलांटिक किनाऱ्यावर भरती-ओहोटी मोठी असल्याने कालवं दिवसातून काही काळ पाण्याबाहेर राहतात. भूमध्य समुद्राला भरती-ओहोटी जवळजवळ नाही, त्यामुळे येथील शेतकरी पाण्यात खांबांचे मांडव उभारतात आणि लहान कालवं सिमेंटच्या ठिपक्यांनी दोरांवर चिकटवून ते दोर मांडवाखाली लोंबत सोडतात. द्राक्षाच्या मांडवाखाली आयुष्य घालवलेल्या आपल्या शेतकऱ्यांनी तो देखावा अवश्य पाहावा. यातील अनेक कालवंशेतकरी सरोवराच्या काठी आपल्याच शेडमध्ये चार टेबले टाकून कालवं आणि शिणाणी (काळ्या शिंपल्या, मसल) खाऊ घालतात. लिंबू, पाव, लोणी आणि पांढरी वाइन यांपलीकडे तेथे फारसे काही नसते आणि लागतही नाही. एक सावधगिरी सांगणे कर्तव्य आहे. जोरदार पावसानंतर सांडपाणी सरोवरात उतरले, तर आरोग्याच्या कारणावरून प्रशासन कालवांची विक्री काही काळ थांबवते. अशा वेळी एखाद्याने आडून कालवं देऊ केली, तरी ती कच्ची खाऊ नयेत.

सोबत प्यायची वाइन त्याच काठावरची आहे. पिकपूल द पिने या पांढऱ्या वाइनच्या बागा सरोवराच्या उत्तर बाजूच्या उतारांवर आहेत आणि २०१३ पासून तिला स्वतंत्र भौगोलिक नामांकन आहे. पिकपूल हे उशिरा पिकणारे, उष्ण हवेतही आंबटपणा टिकवून धरणारे द्राक्ष आहे. नाशिकच्या उन्हात शनँ ब्लाँ आणि सोव्हिन्यों ब्लाँच्या घडांतील आम्ल काढणीपर्यंत राखण्यासाठी आपल्या बागायतदारांना किती धडपड करावी लागते, हे मी वेगळे सांगायला नको. वाइनमधील तो आंबटपणा कशासाठी हवा असतो, हे प्रयोगशाळेतील आकड्यांपेक्षा बूझिगच्या टेबलावर खाऱ्या कालवासोबत पहिला घोट घेताना अधिक स्पष्ट कळते. जवळच मार्सेयाँ येथे न्वायी प्रा ही व्हर्मुथ, म्हणजे वनस्पतींचा स्वाद दिलेली वाइन, तयार होते. तिची वाइन ओकच्या पिंपांत भरून उघड्या अंगणात, ऊन-पाऊस-वाऱ्यात वर्षभर ठेवतात. तीही पाहण्यासारखी आहे.

एवढे असताना आपल्या भागातील काही अभ्यासदौऱ्यांचा कार्यक्रम पाहून वाईट वाटते. मी स्वतः ज्या दौऱ्यात गेलो होतो, त्यात दिवसभर बागा आणि तळघरे दाखवून संध्याकाळी बस थेट शहरातील भारतीय रेस्टॉरंटपुढे उभी राहत असे, आणि सरोवर खिडकीतून दिसत असतानाही तेथे थांबण्याची सोय नव्हती. ज्यांना घरचेच जेवण हवे त्यांची अडचण मला समजते. परंतु वाइन शिकायला गेलेल्या माणसाला ती ज्या अन्नासाठी घडली ते अन्न न दाखवणे, हे शिक्षण अपुरे ठेवणे आहे.

कालव्याकाठच्या रेस्टॉरंटमध्ये जाऊच नये, असे माझे म्हणणे नाही. तेथेही काही स्वयंपाकघरे उत्तम आहेत. दारावर मांडलेला फलक लहान, हाताने लिहिलेला आणि रोज बदलणारा असावा. पाच भाषांतील छायाचित्रांसह पन्नास पदार्थ देणाऱ्या जागी ते सारे त्याच दिवशी शिजवलेले असणे कठीण. २०१४ पासून फ्रान्समध्ये कच्च्या मालापासून जागेवर शिजवलेल्या पदार्थापुढे छपराखालच्या भांड्याचे एक चिन्ह लावता येते, ते शोधावे. मागवायचेच तर बूरीद मागवावी: मोठ्या डोक्याच्या, घट्ट पांढऱ्या मांसाच्या माशाचा, लसूण आणि ऑलिव्ह तेलाच्या घोटलेल्या आयोलीने दाट केलेला रस्सा. नाहीतर टोमॅटोत शिजवून रुई नावाच्या लसणी-तिखट मिश्रणासह वाढलेली माकुळं. बुईयाबेस हा मार्सेयचा पदार्थ. तो सेतमध्ये आग्रहाने खाण्याचे कारण नाही. दुपारचे जेवण बाराला सुरू होऊन दोनच्या आसपास संपते आणि संध्याकाळी साडेसातपर्यंत बहुतेक चुली बंद असतात. नळाचे पाणी मागितल्यास ते विनामूल्य मिळते. २५ ऑगस्टच्या आसपास सेंट लुईचा उत्सव असतो आणि कालव्यात होड्यांवरून भाल्यांची झुंज खेळली जाते. तेव्हा गाव पाहण्यासारखे असते, निवांत जेवण्यासारखे नसते.

आपल्या वाचकांसाठी आणखी दोन गोष्टी, ज्या लेखात यायला हव्या होत्या. माकारोनाद या रविवारच्या मानाच्या पास्त्यात गोमांसाच्या गुंडाळ्या आणि सॉसेज असते आणि सेतच्या भरल्या शिणाण्यांमध्ये बहुधा डुकराचे मांस असते. मासळीचे गाव म्हणून न विचारता मागवणाऱ्याची पंचाईत होते. शाकाहारी माणसाने रेस्टॉरंटपेक्षा बाजारावर भिस्त ठेवावी. ताजा पाव, चंद्रकोरीच्या आकाराची हिरवी ल्यूक ऑलिव्हे, उन्हाळ्यातील टोमॅटो, जर्दाळू आणि पीच, व्हॅनिला व वाइन घातलेली झेझेत बिस्किटे असे पुष्कळ काही तेथे मिळते. चीजमध्ये मात्र अनेकदा प्राणिजन्य रेनेट (दूध गोठवणारे द्रव्य) असते, तेव्हा काटेकोर शाकाहारींनी विकत घेण्यापूर्वी विचारून घ्यावे. पुरवणीच्या पुढील अंकात निदान बाजाराची वेळ आणि मांसाविषयीची ही सूचना छापावी, अशी विनंती आहे.

आपला नियमित वाचक,
एक द्राक्ष बागायतदार, दिंडोरी रोड, नाशिक