शाळेला आठवड्यातला एक तास द्या : पालक-शिक्षक संघाचे आवाहन

सर्व पालक, माजी विद्यार्थी आणि शाळेच्या आसपास राहणाऱ्या मंडळींना सप्रेम नमस्कार.

यंदाच्या बक्षीस समारंभाला आपण आवर्जून आलात, मुलांचे तोंडभरून कौतुक केलेत, त्याबद्दल आधी आभार. निबंध, चित्रकला, पाठांतर, धावणे, सगळ्यांत मुलांनी चमक दाखवली. ज्यांची नावे फळ्यावर लागली त्यांचे आणि त्यांच्या घरच्यांचे पुन्हा एकदा अभिनंदन. आजचे हे पत्र मात्र ज्यांची नावे अजून कुठल्याच फळ्यावर लागलेली नाहीत, त्यांच्यासाठी आहे.

तिसरी-चौथीच्या वर्गशिक्षिकांनी संघाच्या बैठकीत आडपडदा न ठेवता सांगितले, की वर्गातल्या काही मुलांना आधी न पाहिलेला परिच्छेद वाचता येत नाही. नेमका आकडा आम्ही मुद्दामच इथे देत नाही, कारण वर्ग लहान आहेत आणि आकड्यावरून मुले ओळखू येतात. पण एखाददुसरे मूल मागे राहायचेच, असे म्हणून सोडून द्यावे इतकी ती थोडीही नाहीत.

घरी हे सहसा लक्षात येत नाही. मूल धडा घडाघडा म्हणून दाखवते आणि आई-वडील निर्धास्त होतात. खरे तर वर्गात चार-पाच वेळा ऐकून तो धडा त्याला पाठ झालेला असतो. खात्री करायची असेल तर त्याच पानावरच्या मधल्याच एखाद्या शब्दावर बोट ठेवून विचारा, किंवा अजून न शिकवलेला धडा उघडा. जोडाक्षर आले की मूल थबकते, रफार असला तर तो गाळून टाकते, ऱ्हस्व-दीर्घाकडे बघतही नाही, आणि शेवटी चित्रावरून अंदाज बांधून काहीतरी ठोकून देते. चुणचुणीत मुलांचे अंदाज तर इतके बरोबर येतात, की त्यांची अडचण दोन-दोन वर्षे कुणाला कळत नाही. बाईंना ती कळली, याचे श्रेय त्यांना द्यायलाच हवे.

पहिली-दुसरीत मूल वाचायला शिकते. पुढे त्याला वाचूनच शिकायचे असते. भूगोल, विज्ञान तर सोडाच, गणितसुद्धा वाचावे लागते. बेरीज-वजाबाकी तोंडी पटापट करणारा मुलगा शाब्दिक उदाहरणापाशी अडतो, कारण त्याला ते उदाहरण वाचताच आलेले नसते. प्रगतिपुस्तकात त्याची नोंद ‘गणितात कच्चा’ अशी होते, आणि पुढे मग शिकवणी लावली जाते ती गणिताची. वाचन शिकण्याचा अभ्यास करणारे कीथ स्टॅनोविच यांनी १९८६ मध्ये याची साखळी मांडून दाखवली होती. ज्याला वाचता येते तो जास्त वाचतो, म्हणून त्याचे शब्द वाढतात, म्हणून त्याला आणखी सोपे जाते. ज्याला जमत नाही तो पुस्तक टाळतो आणि दर वर्षी आणखी मागे पडतो. पहिलीत बोटभर असलेली दरी चौथीपर्यंत हातभर होते ती अशी.

यात शिक्षकांना बोल लावण्यासारखे काही नाही. एका वर्गात एकाच वेळी गोष्टीचे पुस्तक संपवणारी मुले असतात आणि अक्षरांवर अडखळणारीही असतात. पुढे बाई एकच, तास एकच आणि पाठ्यक्रम मात्र ठरलेला. मागे राहिलेल्या मुलाला हवे असते ते शेजारी बसून ऐकणारे माणूस. ते मोठ्याने वाचत असताना ऐकायचे, अडले तिथे सांगायचे, पुन्हा वाचायला लावायचे. हे काम अवघड नाही, पण वेळखाऊ आहे. तो वेळ आम्ही आपल्याकडे मागतो आहोत. या कामाला आम्ही ‘वाचनमित्र’ असे साधे नाव दिले आहे.

असा उपाय इतरत्र करून पाहिलेला आहे. उत्तर प्रदेशातल्या जौनपूर जिल्ह्यात २८० गावे घेऊन ‘प्रथम’ या संस्थेसोबत काही अर्थतज्ज्ञांनी एक प्रयोग केला होता. त्यांतले अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो पुढे २०१९ च्या अर्थशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचे मानकरी ठरले. काही गावांत लोकांच्या बैठका घेऊन शाळेविषयी माहिती दिली. काही गावांत त्याच्या जोडीला मुलांना कितपत वाचता येते हे गावकऱ्यांनाच तपासायला शिकवले. आणखी काही गावांत या दोन्हींबरोबर गावातल्याच स्वयंसेवकांना थोडे प्रशिक्षण देऊन त्यांच्याकडून वाचनवर्ग चालवले. २०१० मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. नुसत्या बैठकांनी आणि तपासणीने मुलांच्या वाचनात फरक पडला नव्हता. वाचनवर्गांना जी मुले आली त्यांचे वाचन मात्र सुधारले. बैठकाच घेत आलेल्या आमच्यासारख्या संघाला हे वाचून जरा वरमायलाच होते!

त्या प्रयोगातला एक उणेपणाही आम्ही ध्यानात घेतला आहे. ते वर्ग शाळेबाहेर होते आणि ज्यांना गरज होती त्यांतली थोडीच मुले तिथे पोचली. म्हणून आपला उपक्रम शाळेच्या वेळातच होईल. मुख्याध्यापकांनी त्यासाठी रोजची एक तासिका राखून ठेवली आहे. त्या तासिकेत तिसरी-चौथीची सगळीच मुले वाचतील. ज्यांना चांगले वाचता येते ती आपापले पुस्तक घेऊन बसतील, बाकीची तीन-तीन चार-चार जणांच्या गटांत वाचनमित्रांजवळ. गट इयत्तेप्रमाणे न पाडता मुलाला आज काय जमते त्यावरून पाडायचे आहेत : अक्षरे, शब्द, लहान परिच्छेद, गोष्ट. मूल पुढे सरकले की गट बदलेल. कुणालाही ‘ढ मुलांचा गट’ असे म्हणू द्यायचे नाही, गमतीतसुद्धा नाही.

वाचनमित्राने आठवड्यातून एकदा यायचे, ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या मुलांकडे. एक तास पुरे. यात महत्त्व सातत्याला आहे. महिनाभर रोज उत्साहाने येऊन मग दिसेनासे होण्यापेक्षा वर्षभर आठवड्याला एकदा आलेले माणूस मुलांना जास्त उपयोगी पडते, कारण मुले वाट पाहतात. ज्यांना नियमित जमणार नाही अशी शंका आहे त्यांनी नाव देऊ नये. त्यांच्यासाठी दुसरी कामे आहेत, ती पुढे सांगितली आहेत.

आपण फार शिकलेलो नाही म्हणून संकोचू नका. वर्तमानपत्र सहज वाचता येत असेल तर तेवढे शिक्षण या कामाला पुरते. निवृत्त मंडळी, आजी-आजोबा, घर सांभाळणाऱ्या ताई-वहिनी, कॉलेजात जाणारी मुले, सगळ्यांचे स्वागत आहे. आमचा अनुभव असा, की आजोबांसमोर मुले निर्धास्तपणे चुकतात. आजोबांना घाई नसते आणि पोर्शन संपवायचा नसतो. शिकवण्याची हौस मात्र जरा आवरावी लागेल. मूल अडखळले की आपण लगेच शब्द सांगून मोकळे होतो. तसे न करता थोडे थांबायचे, त्याला अक्षरे जोडू द्यायची, मगच मदत करायची. ओरडायचे नाही, दुसऱ्या मुलाशी तुलना करायची नाही, घरच्या गोष्टी विचारायच्या नाहीत. वर्गशिक्षिका एका सकाळी हे सगळे प्रत्यक्ष करून दाखवणार आहेत. त्या सत्राला आल्याशिवाय कुणालाही मुलांसोबत बसता येणार नाही.

मुलांच्या सुरक्षिततेचे नियम सर्वांना सारखे लागू राहतील, मग ते संघाचे पदाधिकारी असोत की कुणाचे वडील. गट उघड्या वर्गात किंवा व्हरांड्यात, शिक्षकांच्या नजरेसमोर बसतील. मुलाला एकटे बाजूला नेता येणार नाही, फोटो काढून कुठेही टाकता येणार नाहीत आणि येण्याजाण्याची नोंद कार्यालयातल्या वहीत करावी लागेल. यात कुणावर अविश्वास नाही. नियम सर्वांना एक असला की कुणाला वेगळे वागवावे लागत नाही.

आता पुस्तकांविषयी. शाळेत कपाट आहे, त्यात पुस्तकेही आहेत. पण पुष्कळशी लहान मुलांना न झेपणारी आहेत आणि कपाटाला कुलूप आहे. ग्रंथालयशास्त्रज्ञ एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयाची पाच सूत्रे मांडली. त्यांतले पहिलेच असे, की पुस्तके वापरासाठी असतात. त्याप्रमाणे कुलूप काढायचे ठरले आहे. पुस्तके फाटतील, एखादे हरवेलही, ते आम्ही गृहीत धरले आहे. वर्गातच मुलांच्या हाताला येईल अशा उंचीवर मांडणी करायची आहे. आम्हाला हवी आहेत ती मोठ्या अक्षरांची, पानावर दोन-चारच ओळी असलेली चित्रमय पुस्तके, आणि त्याच्या पुढच्या पायरीच्या छोट्या गोष्टी. एकाच पुस्तकाच्या चार प्रती मिळाल्या तर फारच उत्तम, कारण गटातली सगळी मुले ते एकत्र वाचू शकतात. जुनी पाठ्यपुस्तके, स्पर्धा परीक्षांची मार्गदर्शके आणि दिवाळीपूर्वीच्या साफसफाईत निघालेले गठ्ठे कृपया पाठवू नयेत. ते निवडण्यातच शिक्षकांचे दिवस जातात. देण्याआधी पुस्तक स्वतःच्या घरातल्या मुलासमोर ठेवून पाहा. त्याने उचलले तर आमच्याकडे पाठवा, आणि त्याने ते सोडलेच नाही तर त्यालाच राहू द्या.

एक खर्च असा आहे की तो कुणाच्या चटकन लक्षात येत नाही. तो आहे डोळे तपासणीचा. काही मुले वाचत नाहीत, कारण त्यांना फळाच नीट दिसत नाही. आपल्याला कमी दिसते हे त्यांना ठाऊक नसते, कारण जग असेच धूसर असते अशी त्यांची समजूत असते. चीनच्या ग्रामीण भागातल्या प्राथमिक शाळांत गरजू मुलांना मोफत चष्मे देऊन पाहिले, तेव्हा वर्षअखेरीस त्यांचे गणिताचे गुण वाढलेले दिसले. हा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. मात्र चष्मा मिळालेल्या सगळ्या मुलांनी तो वापरला नव्हता. त्यामुळे चष्म्यासाठी पैसे आम्ही जमवू, पण ‘चष्मिस’ म्हणून चिडवणे आपण सर्वांनी घरातूनच थांबवायला हवे. आपल्यापैकी कुणी नेत्रतज्ज्ञ असतील आणि सर्व मुलांची तपासणी करून देऊ शकत असतील, तर त्यांनी अवश्य कळवावे.

पैशांबाबत स्पष्टच लिहितो. निधी तीनच गोष्टींसाठी वापरला जाईल : पुस्तके व ती ठेवण्याची मांडणी, चष्मे आणि बसायला सतरंज्या. रक्कम कुणासाठीही ठरवून दिलेली नाही. ज्यांना शक्य नाही त्यांनी काहीही देऊ नये, आणि दिले नाही म्हणून कुणाच्या मुलाला वेगळी वागणूक मिळणार नाही, याची हमी संघ देतो. मुलांच्या हाती पैसे पाठवू नका. कार्यालयात द्या, पावती घ्या. पावतीशिवाय एक पैसाही स्वीकारला जाणार नाही. जमाखर्च दर महिन्याला फाटकाजवळच्या फलकावर लागेल, बिले कुणालाही पाहायला मिळतील. देणगीदारांची नावे भिंतीवर रंगवायची नाहीत असे बहुमताने ठरले. काही सदस्यांचा याला विरोध होता, आणि नावामुळे देणारे पुढे येतात हा त्यांचा मुद्दा खोटा नाही. पण ज्या भिंतीवर सगळ्यांत मोठी अक्षरे देणगीदारांची असतात ती मुलांच्या कामाची राहत नाही, असे बाकीच्यांचे म्हणणे पडले.

आणखी एक विनंती. शाळेला भिंतीवरची घड्याळे, सन्मानचिन्हे आणि शाली आता पुरेशा झाल्या आहेत. प्रेमाने दिलेली वस्तू नाकारणे जड जाते, म्हणून आधीच सांगून ठेवतो.

ज्यांना ठरावीक वेळ देता येत नाही त्यांनी एखाद्या रविवारी यावे. मांडण्या ठोकायच्या आहेत, पुस्तकांना कव्हर घालायचे आहे, व्हरांडा रंगवायचा आहे. कुंपणाच्या कामाला आपण सगळे धावून आला होतात. सुतारकाम, रंगकाम जाणणारे हात आपल्यात किती आहेत ते तेव्हाच दिसले. कुंपण संध्याकाळपर्यंत उभे राहिले आणि सगळ्यांना डोळ्यांनी पाहता आले. वाचनाचे काम तसे दिसत नाही. कित्येक आठवडे काहीच बदलले नाही असे वाटेल. वाचनमित्रांनी त्या काळात नाउमेद होऊ नये, म्हणून प्रत्येक मुलाची एक छोटी नोंदवही असेल. सुरुवातीला त्याने काय वाचले, कुठे अडले, महिन्याने काय वाचले, एवढेच त्यात लिहायचे. ती वही मूल, त्याचे पालक, वाचनमित्र आणि बाई यांच्यापुरतीच राहील. वर्षअखेरीस त्यावरून क्रमांक काढले जाणार नाहीत.

नावे कार्यालयातल्या वहीत शाळेच्या वेळात नोंदवता येतील. सोबत कोणता वार आणि कोणती वेळ जमेल तेही लिहावे. बाईंच्या प्रशिक्षण सत्राची तारीख फाटकाजवळच्या फलकावर लागेल. सत्र मुलांच्याच वर्गात आहे, तेव्हा खाली बसायला ज्यांना त्रास होतो त्यांच्यासाठी खुर्च्या ठेवल्या आहेत. पुस्तकांची अक्षरे मोठी असली तरी येताना जवळचा चष्मा विसरू नका.

आपला नम्र,
पालक-शिक्षक संघ