माननीय मंत्रीमहोदय, दहा रुपयांच्या थाळीचं शटर खाली का?

प्रति,
माननीय मंत्रीमहोदय,
मंत्रालय, मुंबई – ४०० ०३२

स.न.वि.वि.

मी परळला एका इमारतीच्या गेटवर सुरक्षारक्षक आहे. सकाळी आठ ते रात्री आठ ड्युटी, हातात साडेसोळा हजार. आपल्या वेळेची मला कल्पना आहे, म्हणून घडलं ते आधी सांगतो.

गेल्या महिन्यात एका मंगळवारी पावणेदोनला रिलीव्हर आला आणि मी जेवायला निघालो. मला साखर आहे, बारा वर्षं झाली. जेवणाआधीची गोळी मी गेटवरच घेतो आणि चालत शिवभोजन केंद्रावर जातो. रांग धरून ताट हातात येईपर्यंत वेळ बरोबर जमते. त्या दिवशी केंद्राचं शटर खाली होतं. कॅलेंडरचं पान उलटं करून चिकटवलेलं आणि त्यावर मार्करने लिहिलेलं : ‘अनुदान थकल्यामुळे केंद्र बंद आहे. क्षमस्व.’

शटरसमोर वीस-पंचवीस माणसं उभी होती. शेजारीच मोठं रुग्णालय आहे, त्यामुळे निम्मे हातात एक्स-रेची पाकिटं घेतलेले. एक बंगाली बाई आणि तिचा केस गेलेला मुलगा. तिने मला विचारलं, क्या लिखा है? मी वाचून सांगितलं. ‘कल खुलेगा?’ म्हणाली. मला उत्तर देता आलं नाही. तेवढ्यात माझेच हातपाय गार पडले, घाम फुटला, डोळ्यांपुढे अंधारी आली. गोळी पोटात गेलेली आणि पोट रिकामं. मी तिथेच फुटपाथच्या कडेला बसलो.

मला सावरलं ते सायकलवर सत्तू विकणाऱ्या एका बिहारी पोराने. त्याने उंच ग्लासात सत्तू, कांदा, कैरीचा कीस, काळं मीठ, लिंबू टाकून रवीने घुसळलं आणि ग्लास माझ्या तोंडाशी धरला. आधी गुळाचा खडा दिला होता, तोही त्याच्याच डब्यातला. वीस रुपयांचा ग्लास, मी दोन प्यायलो. पैसे काढले तर म्हणाला, ‘पहले बैठिए चाचा.’ शेवटपर्यंत पैसे घेतले नाहीत.

साहेब, ही शिवभोजन थाळी सरकारने २६ जानेवारी २०२० ला सुरू केली. दोन चपात्या, एक वाटी भाजी, एक मूद भात, एक वाटी वरण, दहा रुपयांत. शहरात थाळीचा दर पन्नास धरला, म्हणजे चाळीस रुपये शासनाने केंद्रचालकाला द्यायचे. करोनात पाच रुपये केली, २०२१ च्या टाळेबंदीत काही महिने फुकट दिली. तेव्हा माझी बायको याच भागातल्या रुग्णालयात होती आणि मी आठ महिने जिन्याखाली झोपून तेच पार्सल खाल्लं. ती गेली. त्या दिवशीही दुपारी केंद्राच्या ताईंनी मला बोलावून पुडा हातात दिला होता. मी खाल्लं नाही, पण त्यांनी दिला होता. त्यामुळे या योजनेबद्दल मी वाईट बोलावं अशी माझी इच्छा नाही. तिने मला जगवलंय.

म्हणूनच शटर बघून इतकं लागलं. केंद्र चालवणाऱ्या ताई बचत गटाच्या. रोज दीडशे थाळ्या. प्रत्येक माणसाचा मोबाइलवर फोटो काढायचा, नाव टाकायचं, मगच ती थाळी हिशेबात धरली जाते. नेट गेलं की रांग थांबते आणि आतला भात गार होतो, हे मी तीन वर्षं पाहतोय. दीडशे गुणिले चाळीस म्हणजे दिवसाला सहा हजार. महिन्याचे दीड लाखाच्या वर. ताई म्हणाल्या, सात महिन्यांचं बिल अडकलंय. म्हणजे जवळपास अकरा लाख रुपये चार बायकांनी सरकारला उसने दिले. वाण्याचे, गॅसवाल्याचे, भाजीवाल्याचे. त्यांनी गळ्यातलं मोडलं, मग शटर ओढलं. शेवटच्या दिवशी भांडी घासून त्यांनी ती पालथी घालून ठेवलीत. शटरच्या फटीतून अजून दिसतात.

मी सुट्टी टाकून चौकशीला गेलो. कार्यालयाचं नाव लिहीत नाही, तिथले कारकूनही पगारीच आहेत. एका टेबलावरून दुसऱ्या, दुसऱ्यावरून पहिल्या. अखेर एका साहेबांनी चष्म्यावरून बघत सांगितलं, ‘योजना बंद नाहीये, योजना सुरू आहे.’ मी म्हटलं, साहेब, जेवण बंद आहे. ते म्हणाले, ‘तो केंद्राचा प्रश्न.’ त्या एका दिवसाचे साडेपाचशे रुपये माझ्या पगारातून कापले गेले.

आता माझा हिशेब. केंद्रावर महिन्याला सव्वीस दिवस जेवलो की दोनशे साठ रुपये. समोरच्या हॉटेलात राइस प्लेट एकशे चाळीस. सव्वीस दिवसांचे तीन हजार सहाशे चाळीस. पगाराचा पाचवा हिस्सा दुपारच्या एका जेवणात गेला, तोही एका माणसाच्या. डबा आण, असं सगळे सांगतात. मी नालासोपाऱ्याहून पाच-चाळीसची गाडी पकडतो. घरी करणारं कुणी नाही. रात्री दहाला पोहोचून मी स्वतः केलेली भाजी दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पत्र्याच्या केबिनमध्ये आंबते. हे मी करून बघितलंय, उलट्या करून बघितलंय. राहिला वडापाव. दादरला १९६६ च्या सुमारास गाडी लागली तेव्हापासून या शहराला त्याने तारलं, खरंय. पण साखरेच्या माणसाने रोज बटाटा आणि मैदा खायचा का? दोन वडापाव चाळीस रुपये होतात आणि चार वाजता परत भूक लागते. महिनाभर खाल्ले. परवा तपासलं तर उपाशीपोटी साखर दोनशे दहा आली.

माझे वडील साताऱ्याकडून गिरणीत आले. आम्ही गावी, ते लालबागला खानावळीत. खानावळवाली बाई एका खोलीत तीस जणांचं करायची. भाकरी, कालवण, रविवारी मटण, आणि पैसे महिन्याच्या पगाराला. १८ जानेवारी १९८२ ला संप झाला आणि पगारच थांबला, तरी त्या बाईने वडिलांना कित्येक महिने उधारीवर जेवू घातलं. तिला कुठलं सरकारी अनुदान होतं? अशाच खानावळवाल्यांना १९७५ मध्ये प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र केलं आणि बँकेचं कर्ज मिळवून दिलं, म्हणून सावकाराच्या तावडीतून त्या सुटल्या. हे शहर तेव्हा असं जेवत होतं. गिरणगावात घाटावरच्या आणि कोकणातल्या बायकांच्या खानावळी. माटुंग्याला १९४२ पासून रामा नायकांची उडुपी बोर्डिंग, केळीच्या पानावर. नाक्यानाक्यावर इराण्याचा चहा आणि ब्रुन मस्का, एका कपावर तासभर बसलं तरी कुणी उठवायचं नाही. कोण कुठला, कुणी विचारलं नाही. परक्या माणसाला या शहराने आधी जेवायला बसवलं आणि मग कामाला लावलं.

त्या खानावळींच्या चाळी पाडल्या. गिरण्यांच्या जमिनीवर मॉल आले. माझे वडील ज्या गिरणीत कामाला होते तिच्या जागेवर आज काचेची इमारत आहे. तिच्यात कॉफी तीनशे वीस रुपयांना मिळते, आणि गेटवर कोण उभं आहे, तर त्या गिरणी कामगाराचा मुलगा, बिनजेवणाचा. आतल्यांना सरकारनेच इतक्या सवलती दिल्यात की विचारू नका, आणि एखाद्या बाईने आज दोन खोल्यांत खानावळ काढायची म्हटली तर तिला निळा व्यावसायिक सिलिंडर घ्यावा लागतो, त्यावर अठरा टक्के जीएसटी. घरगुतीवर पाच. तीस मजुरांचं पोट भरणारी बाई आणि पंचतारांकित हॉटेल, दोघांना गॅसचा एकच कर.

बरं, योजना काढून विसरण्याची ही पहिली वेळ नाही. १९९५ ला युतीच्या सरकारने एक रुपयात झुणका-भाकर दिली. मीही खाल्ली, तेव्हा मी बावीस-तेवीस वर्षांचा हमाल होतो. चार-पाच वर्षांत ती संपली. मोक्याच्या जागेवरच्या टपऱ्या मात्र राहिल्या, पाटी झुणका-भाकरीची आणि आत शेवपुरी, चायनीज, झेरॉक्स. जागा कुणाच्या घशात गेल्या, हे तुम्हा लोकांना आमच्याहून जास्त माहीत आहे. तिकडे चेन्नईला २०१३ पासून अम्मा उणवगममध्ये रुपयाला इडली आणि पाच रुपयांत सांबारभात देऊन दाखवला, बंगळुरूला २०१७ पासून इंदिरा कँटीन. त्यांच्याही कुरबुरी असतील. पण आपण स्वतःला देशातली सगळ्यात श्रीमंत महापालिका, सगळ्यात श्रीमंत राज्य म्हणवतो आणि चार बायकांचे अकरा लाख देत नाही.

आणि जे अनुदानाशिवाय आम्हाला जगवतात, त्यांचं काय केलंत? शटर पडल्यावर नऊ दिवसांनी ‘गाडी आयी, गाडी आयी’ असा ओरडा झाला. तो सत्तूवाला दुसऱ्या गिऱ्हाइकाचा ग्लास भरत होता. दोघांनी सायकल उचलून पालिकेच्या गाडीत टाकली, पितळेचा हंडा कलंडला, सगळा सत्तू रस्त्यावर. पोरगा हंड्याचं झाकण हातात धरून उभा राहिला. मी गेट सोडू शकलो नाही. नोकरी जाईल म्हणून सोडलं नाही, आणि ते मला खातंय.

घरी येऊन मी मोबाइलवर कायदा वाचला. २०१४ चा पथविक्रेता कायदा सरळ सांगतो की, सर्वेक्षण पूर्ण होऊन सगळ्यांना प्रमाणपत्र मिळेपर्यंत कुणालाही हटवू नये. दर पाच वर्षांनी सर्वेक्षण करा, लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत विक्रेत्यांना सामावून घ्या. २०११ च्या जनगणनेचे १ कोटी २४ लाख धरले तरी तीन लाखांच्या वर माणसं होतात. मुंबईत २०१४ ला अर्ज आले लाखाच्या घरात आणि पात्र ठरवले बत्तीस हजारांच्या आसपास. त्याला दहा वर्षं उलटून गेली. त्यानंतर जो आला तो कुठल्या सर्वेक्षणात बसणार? स्टेशनपासून दीडशे मीटरची हद्द न्यायालयाने २०१७ ला घातली, मान्य. फुटपाथवर चालायला जागा हवी, तेही मान्य, मीही चालतोच. मग बसायची जागा आखून कुठे दिलीत?

त्या पोराला एक जण ओरडला, ‘भैया, गावाला जा.’ साहेब, मी मराठी आहे, आणि माझी भाषा मला प्यारी आहे. पण मी फुटपाथवर पडलो तेव्हा तो पोरगा धावला, आणि जे माझ्या भाषेत भाषणं करतात त्यांनी बचत गटाच्या माझ्या मराठी बहिणींचे पैसे अडवलेत. या भांडणात आम्हाला लावून देऊ नका.

जुलै २०२५ मध्ये आमदार निवासाच्या उपाहारगृहात डाळ शिळी निघाली म्हणून एका लोकप्रतिनिधींनी तिथल्या कर्मचाऱ्याला मारलं. सगळ्या महाराष्ट्राने व्हिडिओ पाहिला. लगेच अन्न व औषध प्रशासन पोहोचलं, नमुने घेतले, परवाना निलंबित केला. म्हणजे यंत्रणा आहे. माणसं आहेत, गाड्या आहेत, आणि ठरवलं तर लगोलग हलतात. आमच्याकडे डाळच आली नाही, तर नमुना कशाचा घेणार, म्हणून कुणी येत नाही का?

माझं मागणं फार नाही. त्या चार ताईंचं बिल व्याजासकट द्या आणि ते दिल्याची तारीख केंद्राच्या दारावर लावा. मुंबईतलं कुठलं केंद्र आज उघडं आहे, कुठलं बंद, कुणाला शेवटचे पैसे कधी मिळाले, ही यादी दर महिन्याला वॉर्डवार छापा. बाकी योजनांच्या जाहिराती पहिल्या पानावर छापताच. रुग्णालयांजवळ रात्रीचंही जेवण सुरू करा, कारण आजारी माणसाच्या नातेवाइकाला भूक दुपारीच लागते असं नाही. आणि खाऊवाल्याची गाडी उचलायच्या आधी त्याला त्याची जागा दाखवा.

पत्र लांबलं. आजही मी दुपारी शटरपर्यंत जाऊन आलो. कॅलेंडरचं पान पावसाने फाटलंय, ‘क्षमस्व’ एवढंच उरलंय. आपण कधी या बाजूला आलात तर पावणेदोनला या. गोळी मी हल्ली गेटवर घेत नाही, काय खायला मिळतंय ते बघून घेतो.

आपला,
एक सुरक्षारक्षक, परळ