तुझी पाच वर्षांची शीट वाचली

प्रिय ठमे,

परवा फोनवर तू म्हणालीस, "आई, तू जन्मभर नोकरी केलीस, तुला फक्त पगार कळतो," आणि फोन ठेवलास. बाबा म्हणाले, परत फोन लावू नकोस, तुम्हा दोघींचे आवाज चढतात, त्यापेक्षा लिही. म्हणून लिहितेय. आणि आधीच सांगते, पगाराचा विषय यात काढणार नाहीये.

तुझ्या धंद्याची पुढच्या पाच वर्षांची ध्येयं मांडलेली शीट पूर्ण वाचली. मोबाइलवर ती नुसती सरकत राहते, म्हणून बाबांकडून प्रिंट काढून घेतली, कागद एकमेकांना चिकटवले तेव्हा कुठे पाचही वर्षं एका नजरेत आली. खूप बरं वाटलं गं. पहिल्या वर्षात तू फक्त तीन गोष्टी ठेवल्यास, मला वाटलं होतं तीस असतील. 'धंदा वाढवणे' असं मोघम कुठेच नाही, किती आणि कुठल्या तिमाहीत ते लिहिलंयस. लॉक आणि लेथम म्हणून दोघं मानसशास्त्रज्ञ आहेत, त्यांचं गाजलेलं संशोधन ध्येयांवरचं. 'जमेल तेवढं कर' म्हणण्यापेक्षा नेमकं आणि थोडं अवघड उद्दिष्ट दिलं की माणसं जास्त काम करतात, असं त्यांना पुन्हा पुन्हा दिसलं, फक्त माणसाला ते मनापासून मान्य हवं आणि आपण कुठवर आलो ते वेळोवेळी कळत राहायला हवं. आणि ती ओळ, 'एकाच क्लायंटकडून निम्म्याहून जास्त काम नको', ती वाचून बाबा थांबले, चष्मा काढला, आणि म्हणाले, हिला कुणी सांगितलं? मी काही बोलले नाही. तू तेव्हा केवढीशी होतीस, पण त्या वर्षी घरात काय चाललंय ते तुला कळत होतं म्हणजे.

दादाने ग्रुपवर तो फॉरवर्ड टाकला होता ना, येल विद्यापीठाच्या १९५३ च्या बॅचमधल्या ज्या ३ टक्के मुलांनी ध्येयं लिहून ठेवली होती त्यांच्याकडे पुढे बाकी सगळ्यांपेक्षा जास्त पैसा झाला वगैरे, आणि तू खाली अंगठा दिला होतास. तसा अभ्यास झालेलाच नाही. ऐकीव गोष्ट आहे, वर्षानुवर्षं फिरतेय. दादाला सांगितलं तर तो चिडला. लिहू नये असं नाही म्हणत मी, पण लिहिलं म्हणजे काम झालं असं होत नाही. आमच्या अकाउंट्समध्ये बजेटचा कॉलम असायचा, शेजारी प्रत्यक्षाचा, आणि त्याच्या शेजारी फरकाचा. साहेब पहिले दोन बघायचेच नाहीत, बोट थेट तिसऱ्यावर. तुझ्या शीटमध्ये हा तिसरा कॉलमच नाही. टाक. आणि महिन्यातून एकदा तो बघताना फोन बंद ठेव.

तारखांबद्दल एक बोलते, रागावू नकोस. १९९४ साली मानसशास्त्रवाल्यांनी शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना विचारलं होतं की तुमचा प्रबंध किती दिवसांत होईल. सरासरी उत्तर ३४ दिवस. सगळंच बिघडलं तर? साधारण ४९. आणि प्रत्यक्षात लागले ५५ च्या वर. म्हणजे वाईटात वाईट धरलेल्या अंदाजापेक्षाही जास्त! काहनेमन आणि ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी कमी वेळ धरायच्या या सवयीवर १९७९ मध्येच लिहून ठेवलंय. त्यांचं म्हणणं, आपण आपल्याच कामाच्या आत शिरून अंदाज बांधतो, तसलं काम आधी केलेल्यांना किती वेळ लागला ते विचारतच नाही. तर तुझ्या दुसऱ्या वर्षातल्या त्या मोठ्या तारखेआधी, तेच करून बसलेल्या दोन-चार जणांना विचार. तुझा आळस काढत नाहीये. तुझा प्रोजेक्ट रिपोर्ट आठवतो ना, प्रिंटर कुणाचा आणि रात्र कुणाची गेली.

आता ते स्मार्ट गोल्स, म्हणजे ध्येय नेमकं, मोजता येणारं, मुदतीचं वगैरे आहे का ते तपासायची पद्धत. तू प्रत्येक ओळ त्या पाच कसोट्यांवर घासलीयस, छान. पण जॉर्ज डोरन यांनी १९८१ मध्ये ती पद्धत मांडली तेव्हा त्यातली एक कसोटी 'हे काम कोण करणार' अशी होती, आता बहुतेक ठिकाणी ती गळालेली दिसते. मी पेन्सिल घेऊन तुझ्या शीटवर प्रत्येक ओळीपुढे नाव लिहीत गेले. विक्री तू. वसुली तू. नवीन माणसं शोधणं तू. त्यांना शिकवणंही तूच. वेबसाइट तुझा पार्टनर आणि तू. एवढं सगळं करणारीला महिन्याचं काय मिळतं म्हणून खाली खर्चाच्या भागात गेले तर 'मालकाचं मानधन' अशी ओळ आहे आणि त्यात साठच्या साठ चौकोनांत शून्य. पिवळा रंगसुद्धा दिलायस तू त्याला.

काढणार नव्हते, निघाला विषय.

ठमे, ज्या धंद्यात मालकाचा पगार धरलेला नाही त्याचा नफा खरा नसतो, एवढंच म्हणायचंय. तिसऱ्या वर्षी जो फायदा दिसतोय तो तुझ्या फुकट कामाचा आहे. बाजारभावाने तुझ्या जागी माणूस ठेवला तर काय उरेल, मांडून बघ एकदा. बाबांच्या वर्कशॉपचंही असंच होतं, डावा खिसा वर्कशॉपचा, उजवा घराचा, सुरुवातीला अगदी काटेकोर. मग एकदा मशीनचा हप्ता उजव्या खिशातून गेला, एकदा तुमच्या फिया डाव्यातून. पुढे पुढे तर त्यांनाच कळेना की आपण कमावतोय की नुसते फिरवतोय. ते संध्याकाळी यायचे, हात धुवायचे, अंगठ्याच्या नखाखालचं ग्रीस काही निघायचं नाही, आणि तसेच वही घेऊन बसायचे. येणं किती ते पाठ. देणं किती तेही पाठ. आपला स्वतःचा महिना कितीत भागतो ते विचारलं तर माझ्याकडे बघायचे. आणि तरी बघ, माणूस कसला जिद्दीचा, दहा वर्षांत स्वतःची जागा म्हणाले होते, ती घेतलीच. थोडी उशिरा. त्या दिवशी तू आणि दादा रिकाम्या शेडमध्ये सायकल फिरवत होतात आणि हे मध्ये उभे, कुठलं मशीन कुठे बसेल ते खडूने आखत. मला आजही तो खडूचा आवाज येतो.

कुठे होते मी. हां, पगार. थोडा का होईना, पण घे. पीटर गोल्विट्झर यांचा अभ्यास आहे, 'मी हे करीन' असं नुसतं ठरवण्यापेक्षा 'अमुक झालं की तमुक करीन' असं बांधून ठेवलं की ते जास्त वेळा पार पडतं. तर तू असं ठेव, महिन्यातलं पहिलं पेमेंट जमा झालं की त्याच दिवशी ठरलेली रक्कम तुझ्या स्वतःच्या खात्यात. वेगळ्या खात्यात. आणि त्यातून सहा महिन्यांचा घरखर्च साठेपर्यंत त्याला हात लावायचा नाही, धंद्यासाठी तर नाहीच नाही, पार्टनर कितीही म्हणाला तरी.

झालं लेक्चर. सॉरी. तू तिकडे सकाळपासून रात्रीपर्यंत लोकांचं ऐकून घेतेस आणि घरून आलेल्या पत्रातही तेच. पण तुझ्या शीटच्या शेवटी 'पर्सनल' म्हणून जो भाग आहे त्यात एकच शब्द आहे, 'हेल्थ'. ना आकडा, ना तारीख. धंद्याच्या ओळींना तू असं सुटू दिलं असतंस का? चुलीत गेलं धोरण, तिथे साधं लिही, झोप किती वाजता, आठवड्यातला कुठला दिवस बंद, ते डोंगरांचं कधी. मधे खाडा पडला तर मनाला लावून घेऊ नकोस. लंडनमध्ये फिलिपा लॅली यांनी लोकांना नवीन सवयी लावून बघितल्या होत्या. सवय अंगवळणी पडायला मधलं माप ६६ दिवस निघालं, कुणाला १८ पुरतील तर कुणाला २५४ लागतील, आणि एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडलं नाही. ही मला फार आवडलेली गोष्ट आहे, कारण तू लहानपणापासून एक दिवस चुकला की वहीच बंद करणारी.

तरी मी तुला धरसोड म्हणायची ते आता म्हणत नाही. पोहणं सोडलंस, बुद्धिबळ सोडलं, पण त्या रोबोटच्या मागे तू जी लागलीस ती वायर भाजून बोट सुजलं तरी सोडलं नाहीस. तेव्हा टिकण्याची काळजी मला नाही. मला उलटी काळजी आहे, की तू सोडायलाच हवं तेव्हाही सोडणार नाहीस आणि शून्य पगारावर आणखी दोन वर्षं ओढशील. म्हणून आत्ता, डोकं शांत असताना, लिहून ठेव की कुठल्या तारखेला काय झालेलं नसेल तर हा मार्ग बंद. मार्ग म्हणतेय मी, ध्येय नाही. जिथे जायचंय ते ठिकाण पाच वर्षं तेच राहू दे, वाट दर तिमाहीला बदललीस तरी मी काही बोलणार नाही. आणि ती तारीख पार्टनरच्या सहीनिशी ठेव, नाहीतर दोघांनाही ती सोयीस्करपणे आठवणार नाही. घातलेला पैसा वाया जाईल म्हणून थांबू नकोस, तो गेलेलाच असतो, पुढचा घालायचा का एवढाच प्रश्न असतो. हे बाबांसमोर बोलले नाही, तूही बोलू नकोस.

आत्याच्या पैशांची परतफेड तू चौथ्या वर्षात धरलीयस. माझी हरकत नाही, पण तिला तिसऱ्याकडून कळायच्या आत तू स्वतः फोन करून सांग. ती पैशांवरून नाही रुसणार, न सांगितल्यावरून रुसेल.

तुझी,
आई

ता.क. बाबांचा रिपोर्ट आला, काळजीचं काही नाही, त्यांनी तुला सांगू नको म्हटलंय म्हणून तू विचारू नकोस. आणि बँकेत खातं उघडायला जाशील तेव्हा नॉमिनीत दादाचं नाव टाक, माझं नको.